ताईची शेवटची आंघोळ

पुण्याहून मी आणि आई पोचलो तेव्हा ताईला अंगणात बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं होतं. लाद्यांचा भुसा भिजून तिच्या पदराला चिकटला होता. भावोजी पिंपरीच्या बर्फ कारखान्यात मुकादम. देहूरोडच्या छावणीला जाणारं मटण गोठवायची खोली त्यांच्याच ताब्यात होती, किल्ली कायम कमरेला.

"परवा मुंबईला गेलो, आज सकाळी येऊन बघतो तर ही अशी. काल रात्रीच गेली असणार," ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. दवाखान्याच्या डॉक्टरांनीही तेच धरलं. मे महिन्याचा उन्हाळा, तरी वास नाही, अंग फुगलेलं नाही. परवाची असती तर कळलंच असतं.

मला बघून भावोजी म्हणाले, "या मडम. तुमच्या इंग्रजी शाळेत रडायला शिकवत नाहीत वाटतं?"

मी खाली बघितलं. ताईच्या दंडावरचे वळही मी असंच खाली बघून सोडून दिले होते.

सवाष्णीला माहेरच्या बायकांनी न्हाऊ घालायचं. "आंघोळ राहू द्या, उशीर होतोय," असं ते दोनदा म्हणाले. आईनं ऐकलं नाही. लुगड्याचा आडोसा करून तिनं कोमट पाणी ओतलं, मी हळद लावत गेले. कातडी मऊ होती. पोटरी दाबली आणि हात तिथेच थांबला. आत दगड होता. मांडीतही तसाच.

सकाळपासून लादीवर ठेवलेलं माणूस बाहेरून गार पडतं, आत गोठत नाही. ही बाहेरून मऊ पडत होती आणि आतून गोठलेली होती. इतकी थंडी मटण गोठवायच्या त्या एकाच खोलीत होती. ती काल रात्री गेलीच नव्हती. भावोजी मुंबईला निघाले त्याच्या आधीच गेली होती.

हात पुसून मी डॉक्टरांपाशी गेले. ते दाखला लिहायला बसले होते. मी इंग्रजीत बोलले, हळू, एकेक वाक्य. ते उठले, आडोशामागे गेले, पोटरी दाबून पाहिली. बाहेर आल्यावर त्यांनी लेखणी खिशात घातली आणि चौकीवर माणूस पाठवला.

"काय म्हणाली ही?" भावोजींनी विचारलं. त्यांचा हात कमरेच्या किल्लीवर गेला होता.

मग मीच मराठीत सांगितलं, आणि या वेळी खाली बघितलं नाही.

"भावोजी, ताई आतून अजून वितळली नाही."