रजेची वही

माझे सासरे तरुणपणी पलटणीबरोबर बसऱ्याच्या लढाईला जाऊन आले होते. पलटण कधीच सुटली, पण मामंजींच्या डोक्यातून ती काही गेली नाही. मी लग्न होऊन उंब्रजला आले ती साठ-एकसष्टच्या सुमाराला. घरात नऊ माणसं, दोन म्हशी आणि एक रजेची वही होती. कुणी मुक्कामाला बाहेर निघालं की मामंजी त्या वहीत नाव, गाव, कारण आणि परतायची तारीख लिहीत. तारीख नसेल तर रजा नाही.

सासूबाई एकदा भावाकडे कवठे महांकाळला एक दिवस जास्त राहिल्या. वहीत लाल शाईनं ‘गैरहजर’ आलं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून ते मोठ्यानं वाचून दाखवण्यात आलं. “बरं,” म्हणाल्या आणि भाकरी थापायला बसल्या.

पहिल्या बाळंतपणाला मी आष्ट्याला माहेरी निघाले. भाऊ न्यायला आलेला, एसटीची वेळ झालेली, आणि मामंजी वही उघडून बसलेले.

“परत कवा?”

“आवं, बाळतपणाला कसली आलीया तारीख?” सासूबाई म्हणाल्या.

मामंजींनी बराच विचार केला. मग तारखेची जागा मोकळी सोडून लिहिलं, ‘जाणार एक, येणार दोन.’ मी पदराआड हसत होते.

मुलगी झाली आणि तीन दिवस जगली. सव्वा महिन्यानं मी एकटीच परत आले. दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या. नवरा गोठ्यात जाऊन बसला. शेजारीण म्हणाली, “तरणी हाईस, हुईल दुसरं.” तिच्या अंगावर तांब्या फेकावा असं मला वाटलं. बारशाआधीच गेल्यामुळं पोरीला नावही नव्हतं. ती झालीच नाही असं सगळे वागत होते.

तेवढ्यात मामंजींनी वही काढली. आता हे ‘दोन’ खोडणार, म्हणून मी भिंतीकडं तोंड फिरवलं.

“पोरगी हुती न्हवं?” त्यांनी विचारलं.

“व्हय.”

त्यांनी पोरीच्या नावाची जागा मोकळी सोडून लिहिलं आणि शिरस्त्याप्रमाणं मोठ्यानं वाचलं, “एक हजर. एक रजेवर.”

मी सासऱ्यांसमोर पहिल्यांदा मोठ्यानं रडले. मामंजी शाई वाळेपर्यंत वही तशीच उघडी धरून बसले.

पुढं मला दोन मुलगे झाले. दोन्ही खेपेला वहीत ‘येणार दोन’च लिहिलं गेलं आणि हजेरी बरोबर भरली. पण तिच्या नावाची मोकळी जागा होती तशीच राहिली.

मामंजी गेले तेव्हा धाकटा रांगत होता. तेरावं झाल्यावर मी वही काढली. त्यांचं नाव लिहिलं. गाव आणि तारीख मोकळी सोडली. कारणाच्या जागी लिहिलं, ‘नातीला आणायला जाणे.’ मग सासूबाईंना ते मोठ्यानं वाचून दाखवलं.