डाख लावलेला गडू

बन्सीधर मिस्त्रीचं परभणीत स्टेशनाजवळ पत्र्याचं शेड होतं. निजामाच्या काळात तो मोटारींच्या कारखान्यात फिटर होता. पोलीस ॲक्शननंतर त्यानं स्वतःचं काम सुरू केलं. गावात फटफट्या मोजून वीस-पंचवीस, पण बॅटरीचं दुखणं कुणाचंही असो, गिऱ्हाईक त्याच्याकडेच यायचं.

"मिस्त्री, बॅटरी गेली. नवी टाका," व्यंकटराव ठेकेदार एकदा म्हणाले.

"गेली म्हणून तुमाला कुणी सांगितलं?"

"लाईट लागंना, अजून कुणी सांगायचं?"

"सायेब, माणूस निजला म्हणून लगेच तिरडी बांधता का तुमी?"

शेडातले सगळे हसले. बन्सीधर हसला नाही. त्याची रीत ठरलेली होती. आधी बॅटरीची टोकं घासायची. मग वायरीचा एकेक सांधा ओढून बघायचा. मग डायनमोचे ब्रश, मग कटाउट. इंजिन थांबल्यावर डायनमो बॅटरीपासून तोडतो तो कटाउट. तो चिकटला तर बॅटरी उलटी रिकामी होते. सगळं तपासून झाल्यावरच बॅटरीवर बोट ठेवायचं. व्यंकटरावांचा एक ब्रश झिजलेला निघाला.

निष्काळजीपणा त्याला खपत नसे. पाना जागेवर नसला तर तो आवाज चढवी. घरीही तसंच. घर पेडगावला, परभणीपासून पाच कोस. मिलिटरीच्या लिलावातली एक फटफटी त्यानं चार महिने खपून उभी केली होती. तिच्यावर तो रोज ये-जा करायचा. तिची ठिणगी बॅटरीवर चाले. बॅटरी मेली तर किक मारून पाय मोडला तरी इंजिन उठायचं नाही.

बॅटरीत घालायच्या डिस्टिल पाण्याची बाटली घरी कोनाड्यात असायची. तिला हात लावायचा नाही, हा हुकूम होता. बायको धुरपदाबाई त्या कोनाड्यातली धूळसुद्धा बाटली न हलवता पुसायची.

सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर थोरली लेक कस्तुरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरत आले तसा बन्सीधरनं बॅटरीचा हिशेब जास्तच काटेकोर केला. आठ दिवस आधी झाकणं उघडली, पाणी थोडं उतरलं होतं. कोनाड्यातली बाटली काढून त्यानं तिन्ही कप्पे बरोबर खुणेपर्यंत भरले.

"अवो, पोरीची वेळ आली की फटफटी चालंल ना?" धुरपदाबाईनं विचारलं.

"माझ्या हातची हाय. न चालायला काय झालं?"

कळा सुरू व्हायच्या दोन दिवस आधीपासून तो कामावर गेला नाही. फटफटी ओट्याखाली उभी राहिली. वेळ आली तर आपण जवळ असावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटेपासून कळा होत्या; उन्हं वर आली तेव्हा सुईण गोजरबाई हात पुसत बाहेर आली.

"बन्सी, पोर आडलीय. आता माझ्या हातात न्हाई. परभणीची नर्सबाई आण, लवकर."

"घंट्याभरात मागं बसवून आणतो, मावशे."

त्यानं किक मारली. दुसरी मारली. चावी फिरवून बघितलं, करंट दाखवणाऱ्या मीटरचा काटा जागचा हलला नाही. त्यानं टोकं घासली, सांधे ओढले. शेजारच्या लिंबाजीनं आणि आणखी दोघांनी उतारावरून फटफटी ढकलली. ती ओढ्यापर्यंत मुकाट गेली. तो परत ओट्याशी आला तेव्हा आतून कस्तुराचा आवाज आला, "आबा, निघालात का?" तो लिंबाजीच्या गोठ्याकडे धावला.

पुढची आगगाडी संध्याकाळी होती. लिंबाजीनं बैल जुंपले. गाडीत गोधडीवर कस्तुरा, तिचं डोकं आईच्या मांडीवर. बन्सीधर गाडीला धरून पळत होता. तिसऱ्या कोसाला धुरपदाबाईनं "थांबवा" म्हटलं. लिंबाजीनं कासरा ओढला. मूलही गेलं होतं.

तेरावा झाल्यावर बन्सीधरनं फटफटी बैलगाडीत घालून शेडात आणली. डायनमो बॅटरी भरत होता. ब्रश नवे होते. कटाउटची टोकं साफ होती. मग त्यानं बॅटरी काढून शेडातल्या चार्जिंगच्या इंजिनावर पुरती चार्ज केली आणि एकही वायर न लावता लाकडाच्या फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती निम्मी उतरली. तिसऱ्या दिवशी बल्बची तार लालसुद्धा झाली नाही. चोर बाहेर नव्हता, आत होता. बन्सीधर रोज दहा कोस फिरायचा, रोज डायनमो बॅटरी भरत गेला, म्हणून गळती लपून राहिली. तो घरी थांबला आणि बॅटरी मेली.

त्यानं पुन्हा चार्ज करून झाकणं उघडली. बॅटरी नुसती ठेवलेली असतानाही एका बाजूच्या पत्र्यांतून बारीक बुडबुडे येत होते. हे त्यानं पूर्वी एकदाच पाहिलं होतं. गिऱ्हाइकानं तांब्याच्या घागरीतलं पाणी घातलं होतं तेव्हा. तांब्याचा अंश आत गेला की बॅटरी स्वतःलाच खाते.

घरी येऊन त्यानं बाटली उजेडात धरली. काच नवी होती; ही जुनी बाटली नव्हती. देवघरात गंगाखेडहून आणलेल्या गोदागंगेच्या पाण्याचा तांब्याचा गडू होता. मरताना तोंडात घालायला म्हणून धुरपदाबाईनं सहा वर्षं जपलेला. त्याचं तोंड बन्सीधरनंच कथलाचा डाख लावून बंद केलं होतं. तो डाख खिळा तापवून कापलेला होता, वरून मेण दाबलेलं. गडू हलका लागला.

सारवताना बाटली फुटली असणार. तो बोलेल म्हणून ती भ्यायली असणार. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी तिनं नव्या बाटलीत भरलं होतं, स्वतःच्या मरणाचं.

"सापडलं का काही?" मागं धुरपदाबाई उभी होती.

गडू त्यानं देवांच्या मागं सरकवला.

"कटाउट चिकटला व्हता. साफ करायचा राहिला माझ्याच्यानं."

ती खाली बसली.

"जगाच्या गाड्या दुरुस्त करता," ती म्हणाली, "अन् माझ्या पोरीचं तेवढं राहिलं?"

"राहिलं."

तिनं ते गोजरबाईला सांगितलं, लिंबाजीला सांगितलं, कस्तुराच्या सासरी सांगितलं. कामाला पक्का म्हणून ज्याचं नाव होतं त्याच्याकडे गाव पाठ फिरवू लागलं. शेडात गिऱ्हाईक कमी झालं. जे येत त्यांना तो आधी विचारी, "पाणी कुणी घातलं?" उत्तर काहीही आलं तरी आवाज चढवत नसे.

फटफटी त्यानं विकली. तो आगगाडीनं जाऊ लागला. धुरपदाबाई त्याला भाकरी बांधून द्यायची, बोलायची नाही.

डाखाची कांडी आणि सांधा साफ करायचा खार त्याच्या पिशवीत रोज असायचे. गडूचं तोंड बंद करायला दोन मिनिटं लागली असती. पण मग त्याला ठाऊक आहे हे तिला कळलं असतं. आयुष्यभर त्यानं उघडा सांधा कुणाचा ठेवला नव्हता. हा ठेवला.