पाणी काढलेले बटाटे

मूत्रपिंडावर आमच्या आतोबांइतकं प्रेम साऱ्या काशीत कुणी केलं नसेल. आत्याचे हे यजमान शरीरशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले, पण वर्ग काही सुटला नाही. दुर्गाघाटावरच्या एका मुंजीत त्यांनी बटूच्या झोळीत लाडवाआधी हेच ज्ञान घातलं होतं: रक्तातलं पोटॅशियम घटलं की मूत्रपिंडातल्या पेशी त्याच्या बाहेर जायच्या वाटा मिटतात आणि निसटू पाहणारं परत ओढून घेणारे पंप वाढवतात. "त्यांना कुणी सांगावं लागत नाही! आपापलं ओळखतात, आमच्या हिच्यासारखं," असं ते वर म्हणत. आत्यानं मात्र हा पाठ कधी कान देऊन ऐकला नव्हता.

यंदा रक्तदाबाच्या गोळीनं त्यांचंच पोटॅशियम लघवीवाटे जाऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा. आत्यानं धसकाच घेतला. शेजारच्या मास्टरजींची मूत्रपिंडं थकलेली. त्यांच्या रक्तात पोटॅशियम साचतं, म्हणून त्यांच्याकडे केळी टाळतात, भाज्या उकडून पोटॅशियम उतरलेलं पाणी फेकतात. आत्याला वाटलं, दुखणं एकच. तिनं केळी बंद केली, बटाटे उकडून पाणी मोरीत ओतायला लागली. या पथ्यावरून मी हटकलं तर म्हणाली, "परहेज म्हणजे परहेज! तू बीच में बोलू नकोस."

आतोबा भिंत धरून चालायला लागले, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर. एका सकाळी घाटाच्या पायऱ्यांवर त्यांचे पायच उचलेनात. दवाखान्यात त्यांच्या हृदयाचे ठोके पडद्यावर वेडेवाकडे पळत होते. डॉक्टरांनी आहार विचारला, आत्यानं सगळं परहेज अभिमानानं सांगितलं. "अहो, जे कमी होतं तेच तुम्ही मोरीत ओतलंत," डॉक्टर म्हणाले.

सलाइनमधून पोटॅशियम गेलं, ठोके ताळ्यावर आले. आत्या चहा आणायला गेल्यावर मी चिडून आतोबांना विचारलं, "तुम्हाला कळत नव्हतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं रे. पण किती काळजीनं पाणी निथळत होती ती. म्हटलं, पेशी घेतील सांभाळून."

आता घरी केळी असतात, पण आतोबा मूत्रपिंडाचा विषयच काढत नाहीत. त्यांनी बोलावं म्हणून मी मुद्दाम विचारतो, "आतोबा, ते पंपांचं काय हो?" तर आत्याच स्वयंपाकघरातून सारा पाठ म्हणते, एकही चूक न करता. आतोबा नुसती मान डोलावतात. त्यांनी एकदा तरी तिला मध्येच तोडून स्वतः शिकवावं, असं मला फार वाटतं.