डुलकीरावाच्या मांडीवरचं बारसं

दिग्विजयदादाला 'डुलकीराव' हे नाव मीच ठेवलं. मी त्याची धाकटी बहीण नयना. जीभ तिखट आहे असं घरचे म्हणतात, खोटं नाही ते. दादा वर्गात पेंगायचा, जेवताना पेंगायचा, मांडवीच्या बाजारात भाजी घेताना उभ्याउभ्या पेंगायचा. खळखळून हसला की गुडघे मोडून खालीच बसायचा. माझ्या लग्नात मी हार उचलला आणि हा पहिल्या रांगेत खुर्चीत मान टाकून पडला. सख्ख्या बहिणीच्या लग्नात झोपतो म्हणजे काय! वर्षभर मी त्याच्याशी बोलले नाही.

मग छाणीच्या कारखान्यात लेथ यंत्रावर काम करताना त्याचा डोळा लागला. बोटं थोडक्यात वाचली. तेव्हा कुठे कांचनवहिनीने त्याला मेंदूच्या डॉक्टरबाईंकडे ओढत नेलं, मीही गेले. पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासून झाल्यावर बाईंनी कागदावर मेंदू काढला. म्हणाल्या, एका जनुकात एका प्रथिनाची कृती असते. मेंदूतल्या मूठभर पेशी ते प्रथिन बनवतात आणि त्याचे तुकडे इतर पेशींकडे सोडतात. जागे राहा, असा तो निरोप असतो. दादाच्या त्या पेशीच उरल्या नव्हत्या. म्हणून त्याला भलत्या वेळी झोप यायची, आणि आनंद झाला की अंग लुळं पडायचं.

"पण तेव्हा ते आतून जागे असतात," बाई म्हणाल्या. "सगळं ऐकू येतं त्यांना."

मी विचारलं, "या प्रथिनाचं नाव काय?"

"ओरेक्सिन. मूळ शब्दाचा अर्थ भूक. शोधणाऱ्यांना आधी वाटलं, याचं काम भूक वाढवण्याचं. जागं ठेवण्याचं मोठं काम नंतर कळलं, पण नाव तेच राहिलं."

मला तिथेच रडू कोसळलं. लग्नाच्या दिवशी माझा दादा झोपला नव्हता.

औषधांनी झोप बरीच आवरली, पण हसण्याची धास्ती राहिली. मुलगी झाली तरी बारा दिवस त्याने तिला हातात घेतलं नाही. लांबून बघायचा आणि म्हणायचा, "पाडेन गं मी तिला."

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. मी ठरवलेलं नाव कोणालाच सांगितलं नव्हतं, वहिनीलासुद्धा नाही. पाळण्याआधी मी दादाला भिंतीला टेकवून गादीवर बसवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या आणि बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं.

"नयना, नको ने!"

"गप बस. जमिनीवर बसलेला माणूस अजून कुठे पडणार आहे?"

मी वाकले आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं. दादाचा चेहरा फुलला, ओठ थरथरले आणि मान छातीवर पडली.

"लो, भाई तो ऊंघी गया!" भाऊ झोपला म्हणून शेजारच्या गुजराती काकी हसल्या. वहिनी बाळ उचलायला धावली, मी तिचा हात धरला. बाळाला धरून आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.

मिनिटभर गेलं असेल. डोळे उघडायच्याही आधी दादाचे ओठ हलले.

"अवंती," तो म्हणाला.