डेथ व्हॅलीतला चिवडा

आईनं पाठवलेलं चिवड्याचं पाकीट फोडलं, तळलेल्या कढीपत्त्याचा वास आला आणि मी थेट दोन हजार पाच सालच्या डेथ व्हॅलीत पोचलो.

क्युपर्टिनोला माझ्याकडे आलेल्या आई-बाबांना मीच ड्राइव्ह करत नेलं होतं. समोर नजर पोचेल तिथवर पांढरं मीठ, दोन्ही बाजूंना तांबूस डोंगर. जन्मभर वर्गात फळ्यावर खचदरी काढणारे बाबा वाकले आणि चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून खूश झाले.

"ही दरी नदीनं कोरलेली नाही, बरं का!"

"मग झाली कशी?" आईनं विचारलं.

बाबांनी जेवणाच्या दोन डब्यांमध्ये चिवड्याचं पाकीट दाबून धरलं आणि डबे हळूच दूर केले. पाकीट खाली पडलं.

"म्हणजे कुणी ढकललं नाही त्याला?"

"छे! बाजूचे लांब गेले, एवढंच."

"अजून जातायत?"

"जातायत की. आपल्याला कळत नाही इतक्या हळू."

आम्ही हसलो आणि तिथेच उभ्याउभ्या ते पाकीट संपवलं.

आता बाबा नाहीत. मी अजून इकडेच आहे. काल भुसावळला फोन करून आईला विचारलं, "कशी आहेस?"

"मला काय झालंय?" ती म्हणाली.

आवाज फार खालून आल्यासारखा वाटला.