बेडकाच्या जिभेची तडतड

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. आता बोलतोय ते काही धीर आला म्हणून नव्हे — गप्प राहण्याचाही शेवटी कंटाळा येतो.

लढाईचे दिवस होते. मी नागपुरात एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होतो. आमच्या सरांना एकच वेड — बेडकाच्या जिभेला खारट कसं कळतं? जिभेकडून निघणारी बारीक नस मोकळी करायची, चांदीच्या दोन तारांवर ठेवायची आणि जिभेवर क्षाराच्या पाण्याचा थेंब सोडायचा. तारा एका रेडिओसारख्या पेटीत जात, पेटीतून कानाला लावायच्या फोनमध्ये. जिभेला चव लागली की फोनमध्ये तडतड, मोहरी उडावी तशी. विलायतेहून मोजायचं यंत्र यायचं होतं, ते लढाईत अडकलं. तोवर कानांवरच सगळं. सरांचे कान वयाने गेले होते, आणि ते तसं हसत हसत सांगतही.

माझ्या जोडीला नामदेव. मौद्याकडचा, शिष्यवृत्तीवर शिकणारा, माझ्यापेक्षा तल्लख — हे मला तेव्हाही कळत होतं. त्याला आढळलं की साधं मीठ बरंच घालावं लागतं, पण कॅल्शियमचा क्षार पाण्यात नावापुरता असला तरी तडतड सुरू होते. सरांना पटेना. आपल्या जिभेला पत्ता लागत नाही, तो बेडकाच्या जिभेला कसा लागेल? त्यांनी अट घातली: दुसऱ्याने ऐकावं. नामदेवकडे पाठ करून बसायचं आणि आवाज आला की बोट वर करायचं.

दुसरा म्हणजे मी.

किती फिरवून सांगतोय, नाही? सांगतो. मला ऐकू येत नव्हतं. आदल्या वर्षी हिवतापात क्विनीन फार झालं. ताप उतरला, पण कानातली गुणगुण राहिली. माणसांचं बोलणं कळे, बारीक आवाज त्या गुणगुणीत बुडून जात. कित्येक महिने मी नामदेवच्या तोंडाकडे बघून 'आला, आला' म्हणत होतो. त्याच्या भुवया वर गेल्या की माझं बोट वर. नोकरी जाईल ही भीती, बाकी काही नाही. आता पाठ करून बसल्यावर भुवया कशा दिसणार?

बसलो. बोट वर केलंच नाही. भलत्या वेळी केलं असतं तर मी पकडलो गेलो असतो. न केलं तर नामदेव खोटा पडत होता. एवढा विचार मी त्या खुर्चीत अगदी थंडपणे केला.

"काहीच नाही?" सरांनी विचारलं.

"काहीच नाही, सर."

बाहेर व्हरांड्यात नामदेवने मला गाठलं. "खरंच आयकू नाही आलं गा तुले?" मी मान हलवली. "मंग मलेच भास होऊन राह्यले असतीन."

माझा संशयही त्याला आला नाही. मनात येईल ते ऐकणारा माणूस इथे नको, असं सर म्हणाले आणि त्याची शिष्यवृत्ती गेली. मी तिथेच होतो — एक वाक्य बोलायचं होतं. पुढे इतरांनाही तेच आढळलं, की बेडकाची जीभ कॅल्शियमला फार हळवी. मी ते वर्गात शिकवलंसुद्धा, त्याचं नाव न घेता.

काही वर्षांनी लकडगंजात भेट झाली. तो एका लाकडाच्या टालावर कामाला होता. मला बघून त्याला खरंच आनंद झाला, चहा मागवला. मालकाने त्याला सागाचे ओंडके निवडायला सांगितले होते. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठोकायचं. आतून सडलेला असला तर आवाज वेगळा येतो. त्याने एक ठोकला, पुन्हा ठोकला, आणि माझ्याकडे बघितलं.

"तू आयकून सांग गा, पोकळ वाजून राह्यला काय? माह्या कानाचं काही खरं नाही, तुले तं माहीतच हाय."

मी वाकलो. कान जवळ नेला. त्याने ठोकलं. ठोका तेवढा कळला. भरीव की पोकळ, काहीच कळलं नाही.

"भरीव आहे," मी म्हणालो.

त्याने लगेच गेरूने खूण केली.