हनोईच्या तिकिटावरचं नाव

आईला एकदा विमानात बसायचं होतं. कुठं जायचं, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. "कुटं का असंना, पर चार दिसांत माघारी आलं पायजे," एवढीच तिची अट. मी साताऱ्यात एका कॉलेजात नोकरीला. ती आणि आबा, म्हणजे माझे वडील, पलूसजवळ गावाकडं. सैन्यातून निवृत्त झाल्यापासून आबा उसात रमलेले. नोव्हेंबरात तोडीची टोळी येणार म्हणून ते काही येणार नव्हते. म्हणजे आम्ही दोघीच.

परवडेल असं परदेशातलं शहर शोधता शोधता मी हनोईवर थांबले. का थांबले ते आजही नीट सांगता येणार नाही. इंटरनेटवर एकानं लिहिलं होतं, तीन दिवस पुरेत; दुसरीनं लिहिलं होतं, आठवडाही कमी. जुन्या पेठेत खोल्या स्वस्त, पण गोंगाट फार. तळ्याकाठी शांत, पण महाग. कुणी म्हणे शाकाहारी जेवण हवं तेवढं मिळतं, कुणी म्हणे तिथं सगळ्यातच माशाचं पाणी घालतात. मी वहीत लिहायचे आणि खोडायचे. एका खोलीचं रात्रीचं भाडं तिथल्या चलनात पाच लाख होतं, ते आईला वाचून दाखवलं, तर ती भाकरी थापायची थांबली.

"पाच लाखात हितं खोली बांधून हुईल की गं."

रुपयांत किती होतात ते सांगितलं, तरी तिची खात्री पटेना.

तशात विमानाच्या तिकिटांवर सवलत निघाली, तीही त्याच दुपारपर्यंत. स्टाफरूममध्ये बसून मी घाईघाईनं दोघींची नोव्हेंबरची तिकिटं काढली. पैसे परत मिळणार नाहीत, नाव बदलून मिळणार नाही, हे वाचलं होतं. आईचा पासपोर्ट अजून निघायचा होता, पण तिचं नाव मला माहीत होतं. आधारवरचं घातलं.

पासपोर्टचे कागद जमवायला गावी गेले, तेव्हा आईनं पत्र्याच्या पेटीतून शाळा सोडल्याचा दाखला काढून दिला. आडनाव माहेरचं असणार हे उघड होतं. पण पहिलं नावही वेगळंच होतं.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"माजंच की. लग्नात बदललं. तुज्या आजीच्या जावंचं बी तेच नाव हुतं, म्हनून तिला नगं हुतं. ताटात तांदूळ पसरून त्यात नवं नाव काढलं, झालं."

अडतीस वर्षं मी तिची मुलगी, आणि हे मला माहीत नव्हतं. कधी विचारलंही नव्हतं. मामा तिला अक्का म्हणतात. आबा तर नावानं हाकच मारत नाहीत, नुसतं "ऐकलं का" म्हणतात.

सांगलीत कागदपत्रं करून देणाऱ्या वकीलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, दोन्ही मार्ग आहेत. सासरचं नाव ठेवायचं तर नाव बदलल्याचे कागद करा. शाळेतलं ठेवायचं तर आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. "कोणतं ठेवायचं ते आधी ठरवा."

"तिकिटावरचं," मी म्हणाले.

"शाळंतलं," आई म्हणाली. वकीलबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

बाहेर आल्यावर मी तिला समजावलं, की तिकीट वाया जाईल. "जाऊ दे की," ती म्हणाली. फाटक्या पिशवीला तीनतीनदा टाका घालणारी ही बाई. "पण का?" मी विचारलं. "तसं काय न्हाई," म्हणाली आणि एसटी लागलीय का बघायला पुढं गेली.

घरी आबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची काळजी निराळीच. "माज्या पेन्शनीच्या कागदावर हिचं नाव दुसरं हाय. उद्या मी गेलो तर हिला कोन वळखनार?"

"आवं, मग कागद करा की. दोनी नावांची बाई एकच हाय म्हनून."

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू हे मीच तिला शिकवलंय. मी काहीच शिकवलं नव्हतं. मीही त्यांच्याइतकीच गोंधळले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, बगलेत फाईल धरली आणि माजी सैनिकांच्या कचेरीत गेले. पुढं चारेक खेपा झाल्या. एकदाही कुरकुरले नाहीत.

पासपोर्ट आला तोवर नोव्हेंबर उलटून गेला होता, तिकिटं वाया गेली होती. माझ्या वहीतलं सगळं नव्यानं मांडलं. मार्च. तिकीट जरा महाग, म्हणून मुक्काम तीनच रात्री. हॉटेल मात्र या वेळी आईनं फोटो बघून निवडलं, रस्त्याकडं खिडकी असलेलं जुन्या पेठेतलं. गोंगाट असतो म्हणून मी आधी खोडलेलं.

आम्ही गेलो. विमानात आई सगळा वेळ जागी होती. हनोईत बारीक पाऊस होता. हॉटेलच्या टेबलामागच्या मुलीनं पासपोर्ट उघडून आईचं नाव वाचलं, ते भलतंच झालं. आईनं ते सावकाश म्हणून दाखवलं. मुलीनं पुन्हा म्हटलं, आईनं पुन्हा सुधारलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं तेव्हा आई "व्हय" म्हणाली.

खोलीत गेल्यावर मी परत विचारलं, हेच नाव का गं? ती खिडकीशी उभी होती. खाली स्कूटरींचा लोंढा चाललेला. "ही मानसं रस्ता वलांडत्यात कशी?" ती म्हणाली.

परत आल्यावरही गावात सगळे तिला सासरच्याच नावानं हाक मारतात, आणि ती ओ देते. एकदा फोनवर मी गमतीनं शाळेतलं नाव घेतलं.

"तू नगं म्हनूस," ती म्हणाली. "तुला आई हाय की."

मग ते कुणी म्हणायचं होतं, मला अजून उमगलेलं नाही. परवा तिनं विचारलं, हा पासपोर्ट किती वर्षं चालतो. दहा, म्हटलं. "बरं," म्हणाली, आणि टोळीला चहा द्यायचाय म्हणून फोन ठेवला.